जुन्या घरातील गळती : भिंत फोडण्यापूर्वी पाणी ओळखा

मुंबई, ठाणे, पुणे किंवा नाशिक येथील पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या इमारतींत एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. न्हाणीघराला लागून असलेल्या खोलीच्या भिंतीवर रंगाचे पोपडे सुटलेले असतात, अथवा छताला तपकिरी कडेचा डाग पडलेला असतो. दिवाळीपूर्वी तो भाग खरवडून पुट्टी भरली जाते, वर रंगाचे दोन हात दिले जातात आणि पुढील पावसाळ्यापर्यंत डाग आधीपेक्षा वीतभर मोठा होऊन परत येतो. वरच्या मजल्यावरील शेजाऱ्याशी बोलणे तुटते, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत आवाज चढतात, पाणी मात्र आपल्या गतीने झिरपतच राहते.

अशा दुरुस्त्या फसतात, त्याला कारागिराचा हलगर्जीपणा जितका कारणीभूत असतो, त्याहून अधिक चुकीचे निदान कारणीभूत असते. ‘गळती’ हा शब्द एकच असला, तरी घरात तीन प्रकारचे पाणी वावरत असते : नळाचे म्हणजे दाबाखालचे पाणी, वापरून झालेले सांडपाणी आणि बाहेरून येणारे पावसाचे पाणी. या तिन्हींच्या वाटा वेगळ्या, बिघाडाची कारणे वेगळी, दुरुस्तीची पद्धत वेगळी आणि खर्चाचा धनीही वेगळा. कोणते पाणी गळते आहे हे ठरविल्याशिवाय छिन्नी-हातोडा हाती घेणे म्हणजे रोग न ओळखता शस्त्रक्रिया करणे होय.

ओल केव्हा वाढते?

या निदानासाठी पहिले साधन लागते ते पेन्सिल. डागाच्या कडेने रेघ ओढून त्यावर तारीख लिहावी आणि दहा-पंधरा दिवस तो निरखावा. ओल केव्हा वाढते व केव्हा उतरते, यावरून पाण्याची जात बहुधा कळते.

पुरवठ्याची वाहिनी फुटली असेल, तर गच्चीवरील टाकीत पाणी असेपर्यंत गळती अहोरात्र चालते. घर चार दिवस बंद राहिले तरी ती थांबत नाही. मात्र त्या वाहिनीचा टाकीजवळचा व्हॉल्व बंद केला की काही दिवसांत डाग उतरू लागतो. महापालिकेच्या थेट जोडणीवरील वाहिनी असेल, तर पाणी येण्याच्या वेळेशी ओलीचे गणित जुळते. सांडपाण्याची गोष्ट निराळी. त्या वाहिनीत दाब नसतो. अंघोळी, धुणीभांडी आटोपली की ओल वाढते आणि घर बंद असताना कमी होते. पावसाचे पाणी जून ते सप्टेंबर या काळात आपले अस्तित्व दाखविते, विशेषतः पश्चिम व नैर्ऋत्येकडील भिंतींवर. एप्रिल-मे महिन्यांत ठणठणीत कोरडी होणारी भिंत न्हाणीघराच्या दुरुस्तीने बरी होणार नाही. तिचे दुखणे बाहेरच्या गिलाव्यात, खिडकीच्या चौकटीभोवती किंवा गच्चीत असते.

पाणी जिथे दिसते तिथेच ते गळत असते, असा समज मात्र करून घेऊ नये. स्लॅबमधील सळईच्या कडेने, तुळईच्या खालच्या अंगाने किंवा विजेच्या तारांच्या नळीतून ते आठ-दहा फूट प्रवास करून भलतीकडे प्रकट होते. छतावरील दिव्याच्या खोक्यातून अथवा स्विचबोर्डामागून पाणी येऊ लागले, तर प्लंबरच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे आणि तोपर्यंत त्या भागाचा वीजपुरवठा बंद ठेवावा.

निरीक्षणानंतर चाचण्यांचा क्रम येतो. न्हाणीघराच्या जमिनीसाठी जाळीचे तोंड चिंधी वा रबरी बुचाने बंद करून दोन इंच पाणी चोवीस तास साठवून ठेवतात. या काळात पुरवठ्याचा व्हॉल्व बंद असणे आवश्यक आहे, अन्यथा दोन संशयितांपैकी दोषी कोण ते कळत नाही. सांडपाण्यासाठी रंगाची युक्ती वापरतात. खाण्याचा रंग मिसळलेले पाणी एके दिवशी बेसिनमध्ये, नंतर जमिनीच्या जाळीत, नंतर शौचकूपात सोडावे व खाली कोणता रंग उतरतो ते पाहावे. या प्रयोगांत दोन-तीन दिवसांचे अंतर ठेवण्याइतका धीर हवा. जुन्या भरावातून पाणी खाली यायला वेळ लागतो, आणि सगळे रंग एकाच सकाळी ओतले तर निष्कर्ष हाती येत नाही.

पुरवठ्याच्या वाहिनीची परीक्षा हातपंप आणि दाबमापकाने होते. सर्व तोंडे बुचांनी बंद करून वाहिनीत पाणी दाबाने भरतात. तासाभरात काटा खाली आला, तर कोठे तरी छिद्र आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे एक किलो असतो. त्यामुळे चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर गच्चीतील टाकीचा दाब साधारण दीड किलोच्या आसपास भरतो. नव्या वाहिन्या दहा किलोपर्यंत तपासण्याचा प्रघात आहे. तोच दाब चाळीस वर्षांच्या लोखंडी वाहिनीवर दिला, तर नसलेली गळतीही निर्माण होईल. तिथे नित्याच्या दाबाच्या दीडपटीवर थांबणे शहाणपणाचे.

अलीकडे उष्णता टिपणारा कॅमेरा घेऊन येणाऱ्या कंपन्याही आहेत. हा कॅमेरा भिंतीचा थंड, म्हणजे बहुधा ओला, भाग दाखवितो. त्या पाण्याचा उगम तो दाखवीत नाही. पेन्सिलीची रेघ आणि रंगीत पाणी यांना तो पूरक आहे, पर्याय नव्हे.

जस्त उडाल्यानंतर

१९६० ते १९९० या काळात बांधलेल्या बहुतेक घरांत नळाचे पाणी गॅल्व्हनाइज्ड लोखंडाच्या, बोलीभाषेत ‘जी. आय.’च्या, पाइपांतून येते. लोखंडावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त स्वतः झिजते व लोखंडाला वाचविते. हा मुलामा संपला की गंज धरतो. पाण्यातील क्षार, बोअरवेलचे पाणी, भिंतीतील ओल यांनुसार वाहिनीचे आयुष्य कमी-अधिक होते. परंतु तिशी-चाळिशी ओलांडलेल्या वाहिनीवर फारसा भरवसा ठेवता येत नाही.

या वाहिनीचा सर्वांत दुबळा भाग म्हणजे सांधा. जोडणीसाठी पाइपाला आटे पाडले की तेथील जस्त कापले जाते आणि धातूची जाडीही घटते. जुने प्लंबर आट्यांवर सुतळीचे धागे गुंडाळून वर सफेदा लावीत. तो सांधा वर्षानुवर्षे टिकत असे, पण सुतळी कुजल्यावर पाणी आट्यांतून वाट काढते. पितळेचा व्हॉल्व आणि लोखंडी पाइप जिथे एकत्र येतात, तिथे दोन धातूंच्या संयोगामुळे लोखंड अधिक वेगाने झिजते. भिंतीतील खोबणी बुजविताना प्लास्टर ऑफ पॅरिस वापरले असेल, किंवा न्हाणीघराच्या तळाशी कोळशाच्या राखेचा भराव असेल, तर गंज बाहेरूनही चढतो.

गंजाचे थर आतल्या बाजूने जमतात, त्याचा परिणाम गळतीआधीच दिसतो. नळाची धार बारीक होते. अर्धा इंची पाइपाचा आतील व्यास निम्मा झाला, तर पाण्याला मिळणारी जागा एकचतुर्थांश राहते आणि घर्षणामुळे प्रवाह त्याहूनही कमी होतो. येथे अनेक कुटुंबे एक महागडी चूक करतात. दाब कमी पडतो असे समजून ते प्रेशर पंप बसवितात. वस्तुतः दाब पूर्वीइतकाच असतो, वाट अरुंद झालेली असते. गंजून पातळ झालेल्या वाहिनीत पंपाने दाब वाढविला, की भिंतीआड जी गळती पाच वर्षांनी व्हायची ती पाच महिन्यांत होते. न्हाणीघर नव्याने सजविताना उंची शॉवर व त्यासाठी पंप घ्यायचा असेल, तर आधी वाहिन्या बदलणे अपरिहार्य आहे.

मग गळका तुकडा तेवढा बदलावा की संपूर्ण वाहिनी? छिद्रावर एम-सील लावणे, रबरी पट्टी आवळून क्लॅम्प बसविणे हे उपाय रात्री अकरा वाजता फुटलेल्या पाइपासाठी योग्यच आहेत. ते सकाळपर्यंतचे उपाय आहेत, हे विसरले जाते एवढेच. तुकडा बदलण्यातही मेख आहे. आट्यांचा सांधा उघडण्यासाठी पान्याने जोर लावला, की त्या जोराने पुढचे दोन जुने सांधे सैल होतात. आज एक गळती बुजते, महिन्याभरात शेजारी दुसरी सुरू होते. प्लंबर मुद्दाम काम वाढवितो असा संशय त्यातून निर्माण होतो, पण दोष बहुतेक वेळा लोखंडाच्या वयाचा असतो. एकाच वाहिनीवर वर्षभरात दुसऱ्यांदा गळती झाली, तर तिसरीची वाट न पाहता ती वाहिनी टाकीपासून नळापर्यंत बदलावी. अंतिमतः तेच स्वस्त पडते.

जुना पाइप भिंत फोडून काढण्याची गरज नसते. त्याचा पुरवठा तोडून, दोन्ही तोंडे बुचाने बंद करून तो जागीच ठेवावा आणि नवी वाहिनी भिंतीवरून किंवा डक्टमधून न्यावी. उघड्या वाहिन्या डोळ्यांना खुपतात हे खरे, मात्र गळू लागल्या तर त्याच दिवशी दिसतात. भिंतीत खोबणी घ्यायचीच असेल, तर ती विटांच्या भिंतीत घ्यावी. कॉलम, बीम वा स्लॅब यांना पाइपासाठी छिन्नी लावू देऊ नये. काँक्रीट कापण्याचे यंत्र हाताशी आल्यापासून हा अपराध सर्रास होऊ लागला आहे आणि तो लाद्यांखाली कायमचा झाकला जातो.

नवे पाइप निवडताना दुकानदाराच्या शिफारशीपेक्षा पाइपावरील छाप वाचावी. लोखंडीच पाइप घ्यायचे असल्यास आय. एस. १२३९ या मानकानुसार हलक्या वर्गाला पिवळा, मध्यमला निळा आणि जडला तांबडा पट्टा असतो. भिंतीत गाडण्यासाठी पिवळ्या पट्ट्याचा पाइप घेणे ही खोटी बचत ठरते. घरगुती कामात आता सी. पी. व्ही. सी. पाइप रूढ झाले आहेत. त्यांचे भारतीय मानक आय. एस. १५७७८ हे २००७ मध्ये आले. गंजत नाहीत आणि गरम पाणी सोसतात, हे त्यांचे मोठे गुण. परंतु उन्हात ते ठिसूळ होतात, म्हणून गच्चीवरील भाग रंगवावा किंवा झाकावा. लोखंडाशी जोडताना पितळी आट्यांचे खास जोडतुकडे वापरावेत आणि आधारासाठी क्लॅम्प लोखंडापेक्षा जवळजवळ लावावेत. सांध्याचे सोल्यूशन वाळण्याआधी पाणी सोडण्याची घाई झाली, तर दोष पाइपाला दिला जातो. साधे पी. व्ही. सी. पाइप पिण्याच्या पाण्यासाठी घेताना ते शिसेविरहित असल्याची खात्री करावी. या पाइपांतील शिशाच्या वापरावर निर्बंध घालणारे नियम केंद्र सरकारने २०२१ मध्ये केले आहेत.

न्हाणीघराखालचा हौद

सांडपाण्याची गळती शोधणे हे सर्वांत अवघड काम, आणि त्याचे मूळ ‘सन्कन स्लॅब’च्या रचनेत आहे. न्हाणीघर व शौचालयाचा स्लॅब उरलेल्या घरापेक्षा फूट-दीड फूट खाली उतरविलेला असतो. या खोलगट भागात सांडपाण्याच्या वाहिन्या टाकतात, विटांच्या तुकड्यांचा भराव करतात आणि वर कोबा करून लाद्या बसवितात. थोडक्यात, लाद्यांखाली एक हौदच असतो. लाद्यांच्या फटींतून, जाळीभोवतालच्या चिरेतून अथवा सांध्यातून झिरपलेले पाणी या हौदात साचत राहते. तो भरेपर्यंत खाली काहीच दिसत नाही. भरल्यावर मात्र वर अंघोळ केली नाही तरी तो आठवडेच्या आठवडे पाझरतो. म्हणूनच ‘आम्ही गावाला गेलो होतो, तरी तुमचे छत ओलेच होते, मग गळती आमची कशी?’ हा वरच्या मजल्यावरील सभासदाचा युक्तिवाद प्रामाणिक असूनही चुकीचा असू शकतो. पेन्सिलीच्या रेघेचे वर सांगितलेले गणित या एका ठिकाणी फसते, हे ध्यानात ठेवावे.

या हौदात उतरणाऱ्या पाण्याचे नेहमीचे प्रवेशद्वार म्हणजे ‘नहाणी ट्रॅप’. बांधकामाच्या इंग्रजी कागदपत्रांतही याच नावाने ओळखले जाणारे हे भांडे जाळीखाली असते; त्यात साठून राहणारे पाणी गटाराचा वास व झुरळे अडविते. जुन्या घरांत हा ट्रॅप बिडाचा असतो. बीड व काँक्रीट यांच्यामधील सांधा काही वर्षांत सुटतो आणि पाणी ट्रॅपमध्ये जाण्याऐवजी त्याच्या कडेने खाली उतरते. अशा वेळी लाद्यांच्या फटी पांढऱ्या सिमेंटने भरून काही महिने आराम पडतो. खरी दुरुस्ती म्हणजे लाद्या व भराव काढून स्लॅबचा तळ उघडा करणे, जलरोधक थर तळावर आणि भिंतींवर फूटभर चढवून देणे, ट्रॅप व वाहिन्या बदलणे, आणि वर लाद्या बसविण्यापूर्वी पाणी साठवून चाचणी घेणे. यात न्हाणीघर पंधरा-वीस दिवस बंद राहते. एकच न्हाणीघर असलेल्या कुटुंबाला हे किती जड जाते, ते सांगावयास नको. म्हणूनच हे काम पुढे ढकलले जाते.

ते टाळण्याचा लोकप्रिय मार्ग म्हणजे जुन्या लाद्यांवर पुन्हा कोबा आणि नव्या लाद्या. पाच सेंटीमीटर जाडीच्या अशा थराचे वजन दर चौरस मीटरला सुमारे शंभर किलो होते. चार चौरस मीटरच्या न्हाणीघरात चारशे किलोंची भर पडते, तीही आतून भिजलेल्या स्लॅबवर. काही घरांत असे दोन-तीन थर सापडतात.

स्लॅबला याची किंमत मोजावी लागते. चांगल्या काँक्रीटमध्ये सळई सुरक्षित असते. पाणी व हवा आत पोहोचली की ती गंजते आणि गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या काही पट असते. त्या फुगवट्याने खालचे काँक्रीट फुटून पडते. छताचे पापुद्रे पडल्यावर केवळ गिलावा करून घेणे हा जिवाशी खेळ आहे. सळई किती उरली हे अभियंत्याने पाहिलेच पाहिजे.

इमारतीच्या बाहेर, डक्टमध्ये किंवा मागील भिंतीवर असलेल्या बिडाच्या वाहिन्यांची कथा थोडी वेगळी. मलवाहिनी, सांडपाण्याची वाहिनी व हवेची नळी अशा स्वतंत्र उभ्या वाहिन्या जुन्या इमारतींत दिसतात. त्यांच्या सांध्यांत तागाचा दोर ठोकून वर वितळलेले शिसे ओतलेले असते. बीड शंभरीही गाठते. सांधे व भिंतीतील आधार आधी निकामी होतात. सांध्यातून उगवलेले पिंपळाचे रोप हे गळतीचे निश्चित लक्षण होय. ते नुसते छाटल्याने भागत नाही, कारण मुळे भिंतीत आणि पाइपात दोन्हीकडे शिरलेली असतात. बदली वाहिनी प्लास्टिकची घेताना आय. एस. १३५९२ या मानकातील फरक पाहावा : ‘ए’ प्रकार पावसाच्या पाण्यासाठी व हवेसाठी, ‘बी’ प्रकार मलमूत्र व सांडपाण्यासाठी. दिसायला दोन्ही सारखे, किंमत मात्र वेगळी. त्यामुळे ‘बी’च्या जागी ‘ए’ बसविला जाण्याचा धोका असतो. पावसाच्या जुन्या वाहिन्या ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या असतील, तर त्या यंत्राने कापू नयेत. ओल्या करून अखंड उतरवाव्यात. तिची धूळ फुप्फुसांना घातक असते.

चाळी आणि वाडे यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. दक्षिण व मध्य मुंबईतील अनेक चाळी आणि पुण्यातील वाडे यांचे मजले लाकडी तुळयांवर उभे आहेत. खोलीतील मोरीखाली तुळईचे टोक भिंतीत शिरते तिथे ओल साठते, लाकूड कुजते, वाळवी लागते, आणि वरून सारे ठीक दिसत राहते. अशा ठिकाणी मोरीच्या जागी शौचालयासह पूर्ण न्हाणीघर बांधण्याचा मोह कुटुंबाच्या सोयीच्या दृष्टीने समजण्यासारखा असला, तरी तुळया तपासल्याशिवाय तो अमलात आणू नये.

गळती बाहेर, आणि आतही

पाणी बाहेर जाते एवढाच गळतीचा दोष असता, तर तो प्रश्न केवळ नासाडीचा ठरला असता. नासाडीही लहान नसते. दर सेकंदाला एक थेंब टपकला तर दिवसाला चार लिटरांहून अधिक, वर्षाला सुमारे दीड हजार लिटर पाणी जाते, आणि नळातील वायसर तर काही रुपयांना मिळतो. आबिद सुरती यांनी २००७ मध्ये मीरा रोड येथे प्लंबरला सोबत घेऊन रविवारी घरोघरी गळके नळ विनामूल्य दुरुस्त करण्याचा उपक्रम सुरू केला, तो याच हिशेबातून.

अधिक गंभीर गोष्ट अशी, की ज्या छिद्रातून पाणी बाहेर पडते त्यातून ते आतही येऊ शकते. महाराष्ट्रातील बहुतेक शहरांत पाणी ठरावीक तासच येते. पुरवठा थांबल्यावर वाहिनीतील दाब नाहीसा होतो, क्वचित उलटा होतो, आणि भोवती साचलेले घाण पाणी आत ओढले जाते. मुंबईत दोन इमारतींमधील अरुंद ‘हाउस गल्ली’तून गटार, मलवाहिन्या आणि महापालिकेच्या जोडणीचे पाइप शेजारी-शेजारी जातात, कित्येकदा ते साचलेल्या सांडपाण्यात बुडालेले असतात. काही रहिवासी पाण्याच्या वेळी थेट जोडणीवर पंप लावतात, त्याने हे ओढणे वाढतेच. पाणी आल्यावर पहिली काही मिनिटे वास येणे किंवा गढूळपणा दिसणे, एकाच विंगमध्ये कावीळ वा जुलाबाचे रुग्ण आढळणे, ही लक्षणे दिसल्यास रंगकाम बाजूला ठेवून आधी महापालिकेकडून पाण्याची तपासणी करून घ्यावी आणि तोवर पाणी उकळून प्यावे. जमिनीखालच्या टाकीची तडाही याच यादीत येते. गटाराशेजारची टाकी रात्री रिकामी असते तेव्हा तिच्यात काय उतरते, ते सकाळी कोणाला दिसत नाही.

खर्च कोणाचा?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत ही विभागणी केलेली आहे. सामाईक जलवाहिन्या, बाहेरील सांडपाण्याच्या वाहिन्या, पावसाच्या पाण्यामुळे होणारी गळती आणि गच्चीच्या गळतीने खराब झालेली सर्वांत वरच्या मजल्याची छते ही संस्थेने आपल्या खर्चाने दुरुस्त करावयाची असतात. सदनिकेच्या आतील उरलेली दुरुस्ती सभासदाची. वरच्या न्हाणीघराच्या जमिनीतून खालच्या घरात पाणी उतरत असेल, तर खर्च सामान्यतः वरच्या सभासदावर येतो. म्हणूनच ‘पाणी कोणते’ हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. चाचणीचा निकाल छायाचित्रांसह लेखी ठेवला, तर पुष्कळ भांडणे सभेपर्यंत पोहोचतच नाहीत. पूर्वसूचना देऊन सचिव व समिती सदस्य पाहणीसाठी आले, तर सभासदाने त्यांना सदनिकेत येऊ द्यावे, अशी तरतूदही उपविधींत आहे. पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांवरील इमारतीची तीन वर्षांतून एकदा करण्याचे बंधन त्याच उपविधींत घातलेले आहे. त्या अहवालात डक्टमधील वाहिन्यांचा उल्लेख आवर्जून करवून घ्यावा.

भाडेकरूंची स्थिती कठीण आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार जागा राहण्यायोग्य ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. लेखी नोटीस देऊनही पंधरा दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, परंतु वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशापर्यंतच. ज्या खोलीचे मासिक भाडे शंभर-दीडशे रुपये आहे, तिच्या भाडेकरूला या तरतुदीतून वर्षाला तीन-साडेचारशे रुपये मिळतात. तेवढ्यात प्लंबरचा एक दिवसही भागत नाही. मुंबई शहरातील ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतींबाबत म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे अर्ज करण्याचा मार्ग आहे. त्या मार्गाने होणारी दुरुस्ती मुख्यतः संरचनेची असते, घरातील नळाची नव्हे. खालून वरपर्यंत जाणारी सामाईक वाहिनी बदलायची असेल, तर सर्व भाडेकरूंनी एकत्रित वर्गणी काढणे हाच व्यवहारात उरणारा पर्याय आहे.

कामाचा क्रम ठरविताना उभ्या सामाईक वाहिन्या आधी, सदनिकांतील आडव्या वाहिन्या नंतर, मग न्हाणीघराची जमीन आणि सर्वांत शेवटी गिलावा-रंग असा ठेवावा. एका सभासदाने लाखभर रुपये खर्चून नवे न्हाणीघर केले आणि सहा महिन्यांनी संस्थेने मलवाहिनी बदलायला घेतली, तर नव्या लाद्या पुन्हा फुटतात. सदनिकेच्या जोडणीवर स्वतंत्र व्हॉल्व नसेल तर तो याच वेळी बसवावा. महापालिकेच्या जोडणीला हात लावायचा असल्यास परवानाधारक प्लंबरच लागतो. भिंत बुजविण्यापूर्वी प्रत्येक खोबणीचे, टेप धरून, छायाचित्र काढावे व त्याची प्रत संस्थेच्या दप्तरी द्यावी; पुढे पडद्याचा रॉड किंवा गीझर बसविताना ड्रिलचे टोक नव्या पाइपात शिरणार नाही.

हंगामाचाही विचार हवा. पावसाळ्यात केलेल्या दुरुस्तीची परीक्षा घेता येत नाही, कारण ओल जुनी की नवी हे कळत नाही. ऑक्टोबरनंतर वाहिन्यांचे काम करावे, गळती थांबल्यावर खराब गिलावा खरवडून भिंत उघडी ठेवावी आणि ती वाळू द्यावी. नऊ इंची विटांची भिजलेली भिंत पूर्ण सुकण्यास काही महिने लागतात. या काळात तिच्यावर क्षारांची पांढरी बुकटी येते. ती कोरड्या कुंचल्याने झाडून टाकावी, पाण्याने धुऊ नये. बुकटी येणे थांबले की गिलाव्याला हात घालावा. रंगाऱ्याला बोलवायचे ते त्यानंतर, म्हणजे साधारण एप्रिलमध्ये.